अनुभव नाही म्हणे!

११ जुलै २०२१, रविवारची पहाट. सव्वापाचला मी सामायिकाला बसले होते. साडेपाचला हॉलमध्ये टीव्ही लागला, अगदी हळू आवाजात, माझा धाक म्हणून. पुतण्या आणि नातू दोघेही अलार्म लावून उठले होते. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं. सहाला सात-आठ मिनिटं कमी असतील नसतील तोच हॉलमध्ये असा आरडाओरडा झाला की माझं चित्त कुठल्या कुठे गेलं. अर्जेंटिनाच्या डी मारियानं ब्राझीलवर गोल केला होता. कोपा अमेरिकाचा अंतिम सामना, तोही ब्राझीलच्याच माराकाना मैदानावर.

सामना संपला तोवर सूर्य वर आला होता. मी चहा ठेवला. पुतण्याचे डोळे पाण्यानं भरलेले. अर्जेंटिनाला अठ्ठावीस वर्षांनी मोठा चषक मिळाला होता. टीव्हीवर खेळाडू एका सडपातळ, गंभीर चेहऱ्याच्या माणसाला मिठ्या मारत होते. मी विचारलं, "अरे, हा कोण?"

"काकू, हा स्कालोनी. कोच."

"म्हणजे तूच ज्याला शिव्या घालत होतास तो?"

पुतण्या गप्प. कपातला चहा ढवळत म्हणाला, "होय की. तोच तो."

हा प्रसंग मी विसरले असते. खरं त्याच आठवड्यात मला स्वतःची एक जुनी चूक नव्यानं दिसली होती, आणि ती आणि ही गोष्ट मनात एकमेकींना चिकटून बसल्या. आपल्यातल्या कितीतरी जणींना फुटबॉलशी काही देणंघेणं नसेल. तरी थोडं ऐका, कारण हा प्रश्न मैदानाबाहेरचाही आहे. ज्यानं ते काम कधी केलेलं नाही, त्याच्या हातात ते काम द्यावं की देऊ नये?

आधी २०१८ सालचं सांगते. रशियातल्या विश्वचषकात अर्जेंटिना फ्रान्सकडून ४-३ अशी हरली आणि बाहेर पडली. कोच साम्पाओली गेले. ऑगस्टमध्ये त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या लिओनेल स्कालोनीकडे तात्पुरता संघ दिला. वय चाळीस. खेळाडू म्हणून स्पेनमध्ये, इटलीत खेळलेला, खरं कुठल्याही मोठ्या संघाचा मुख्य कोच म्हणून एक दिवसही काम न केलेला. पुढं नोव्हेंबरात हाच माणूस पुढच्या कोपा अमेरिकापर्यंत कायम झाला, तेव्हा त्या देशात गदारोळ उठला. खुद्द मारादोनानं जाहीरपणे त्याच्यावर तोंडसुख घेतलं.

आमच्या हॉलमध्येही तोच गदारोळ. पुतण्या म्हणाला, "मेस्सीची शेवटची चार वर्षं उरलीत, आणि ती ह्या शिकाऊ माणसाच्या हातात?" माझे दीर पेपर वाचत बसले होते. त्यांनी आपल्या दुकानाचा न्याय लावला. "आम्ही पोराला आधी सहा महिने पुड्या बांधायला लावतो, मग तागडी देतो, मग गल्ल्यावर बसवतो. ह्यांनी थेट गल्ल्यावर बसवला." नातू तेव्हा तेरा वर्षांचा. तो म्हणाला, "पण आजोबा, पहिल्यांदा गल्ल्यावर कधीतरी कोण तरी बसवायलाच पाहिजे की. अनुभव कुठून आणायचा?"

तिघांचंही मला पटलं होतं. म्हणूनच मी काही बोलले नाही.

आपल्याकडे अशा वेळी लगेच हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगायची पद्धत आहे. ती सांगून झाली की 'प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर' म्हणायचं आणि जेवायला उठायचं. अनेकान्त एवढा स्वस्त नाही. तत्त्वार्थसूत्रात सात नय सांगितले आहेत, म्हणजे वस्तूकडे बघण्याच्या सात वाटा. त्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या वाटेवर उभं राहून ह्या कोचकडे बघा.

पहिला नैगम नय. टीकाकारांनी त्याचं फार घरगुती उदाहरण दिलं आहे. एक माणूस पाणी आणतोय, लाकडं गोळा करतोय. त्याला विचारलं, काय करतोस? तो म्हणतो, भात शिजवतोय. भाताचा अजून पत्ता नाही, खरं संकल्प झाला आहे आणि तयारी चालू आहे, म्हणून 'भात शिजवतोय' हे खोटं नाही. नातवाचं म्हणणं ह्या नयाचं. ज्याची तयारी झाली आहे त्याला आजच कोच म्हणा.

शेवटचा एवंभूत नय. तो फार कडक. इंद्र राज्य चालवत असेल त्याच क्षणी इंद्र, पूजा करत असताना त्याला इंद्र म्हणायचं नाही. ह्या नयानं, जो संघ चालवत नाही तो कोच नव्हेच. दिरांचं म्हणणं ह्याच्या जवळचं. हातानं केलं नाही तोवर नाव नाही.

दोन्ही नय खरे आहेत. आणि शास्त्र पुढं आणखी एक गोष्ट सांगतं, ती आपण विसरतो. दुसऱ्याला खोटं ठरवायला लागलं की कुठलाही नय दुर्नय होतो. नुसती तयारी बघून कोणालाही गल्ल्यावर बसवणं हा दुर्नय. आणि आजवर केलं नाही म्हणून कधीच करू द्यायचं नाही, हाही दुर्नय. पहिल्यानं दुकान बुडतं, दुसऱ्यानं दुकान म्हाताऱ्याबरोबर बंद पडतं.

तुम्ही म्हणाल, मग निकालच सांगेल की. अर्जेंटिना २०२१ ला कोपा जिंकली, २०२२ ला कतारमध्ये विश्वचषक जिंकला, २०२४ ला पुन्हा कोपा. स्कालोनी बरोबर ठरला. संपला वाद.

मला तसं वाटत नाही. विश्वचषकाचा तो अंतिम सामना तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. आमच्याकडे तर शेजारपाजारचे सगळे जमले होते. सामना ३-३ असा बरोबरीत, जादा वेळही संपत आलेला, १२३ वं मिनिट. फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलीसमोर. त्यानं चेंडू मारला आणि अर्जेंटिनाच्या मार्तिनेझनं डावा पाय ताणून तो अडवला. मग पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली. तो चेंडू चार बोटं इकडं-तिकडं गेला असता तर? माणूस तोच, त्याची चार वर्षांची मेहनतही तीच, आणि निकाल उलटा. मग आमचा पुतण्याच म्हणाला असता, "बघा काकू, मी सांगत होतो."

निर्णय बरोबर होता की चूक, हे एका पायाच्या लांबीवर ठरवायचं का? निर्णय घेतला त्या दिवशी जे समोर होतं त्यावरून तो तोलायला हवा. फळ वेगळ्या गोष्टींवर अवलंबून असतं. आपल्या शास्त्रात उपादान आणि निमित्त असा भेद आहे. मातीत घडा होण्याची शक्ती असते, ते उपादान, कुंभार निमित्त. कोच हा निमित्त. मेस्सीसारखं उपादान समोर असताना कुंभाराचं श्रेय किती, हे सांगणं अवघड. मात्र हीच माती आधीच्या कुंभारांच्या चाकावरही होती, हेही विसरता येत नाही.

उलट उदाहरणही लगेच सापडतं. इटलीतला युव्हेंटस हा नावाजलेला क्लब. २०२० च्या जुलैअखेर त्यांनी आंद्रेआ पिर्लोला आपल्या तेवीस वर्षांखालच्या संघाचा कोच नेमलं. पिर्लो खेळाडू म्हणून केवढा मोठा, २००६ चा विश्वविजेता. खरं कोच म्हणून पाटी कोरी. तेवीसखालच्या त्या संघाचा एक सामनाही होण्याआधी, जेमतेम आठवड्याभरात, त्याला मुख्य संघाचा कोच केलं. कोचिंगचा सर्वांत वरचा परवाना त्याला मिळाला तो त्यानंतर, सप्टेंबरात. युव्हेंटस त्याआधी ओळीनं नऊ वर्षं इटलीची लीग जिंकत आलेला. त्या वर्षी तो चौथा आला. इटालियन कप जिंकला, सुपर कप जिंकला, तरी वर्ष संपताच पिर्लोला निरोप दिला.

पिर्लो नालायक होता असं मी म्हणत नाही. त्याला शिकायला आठ दिवस दिले आणि चुकायला एक वर्ष. ह्यात त्याच्यावरही अन्याय झाला, आणि त्याच्या शिकण्याची किंमत मोजणाऱ्या खेळाडूंवर नि प्रेक्षकांवरही. अननुभवी माणसाला नेमताना हा भाग कोणी बोलत नाही. तो शिकत असताना चुकणार, आणि त्या चुका दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडणार. नवा डॉक्टर, नवी शिक्षिका, नवा कोच, सगळ्यांचं असंच. म्हणून माझ्या दिरांच्या पुड्या आणि तागडीला मी हसत नाही. त्यात गिऱ्हाइकाची काळजी आहे.

मग स्कालोनीत नि पिर्लोत फरक काय होता? दोघेही 'अननुभवी'. जरा जवळ जाऊन बघितलं की त्या एका शब्दाखाली दोन वेगळी माणसं दिसतात. स्कालोनी साम्पाओलींच्या हाताखाली आधी सेव्हिया क्लबात आणि मग राष्ट्रीय संघात राबलेला. म्हणजे पुड्या बांधून झाल्या होत्या, फक्त गल्ला मिळाला नव्हता. त्यानं सोबतीला आयमार आणि सॅम्युएल घेतले, दोघेही १९९७ साली वीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेल्या संघातले त्याचे सोबती, आणि आयालासारखा मुरलेला खेळाडू. २०१९ च्या सुरुवातीला मेनोत्तींना, म्हणजे १९७८ ला अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून देणाऱ्या म्हाताऱ्या कोचना, सगळ्या राष्ट्रीय संघांचं संचालकपद दिलं. त्याच वर्षी कोपात उपांत्य फेरीत ब्राझीलकडून हार झाली, तिसऱ्या जागेवर समाधान मानावं लागलं, तरी त्याला काढलं नाही. हाताखाली शिकलेला, सोबत भरवशाची माणसं, वर एक म्हातारा, आणि पहिल्या चुकीनंतरही जागा शाबूत. नवशिक्याला ह्याहून जास्त काय लागतं?

इथपर्यंत मी हॉलमध्ये बसूनच विचार केला. पुढचं मात्र टोचणारं आहे.

मारादोनानं स्कालोनीवर टीका केली म्हणून सांगितलं. आता हे बघा. २००८ साली मारादोनालाच अर्जेंटिनाचा कोच नेमलं होतं. तेव्हा त्याचा कोचिंगचा अनुभव किती? नव्वदच्या दशकात दोन क्लबांत थोडे थोडे महिने, बस्स. त्याच्या संघानं बोलिव्हियाकडून ६-१ असा मार खाल्ला, आणि २०१० च्या विश्वचषकात जर्मनीकडून ४-० ची हार घेतली. तरी त्याच्या नेमणुकीच्या वेळी लोक म्हणाले, अरे तो मारादोना आहे! त्याचा अनुभव नसणं नावाखाली झाकलं गेलं. पिर्लोचंही तसंच. स्कालोनीला झाकायला तेवढं नाव नव्हतं, म्हणून त्याचं अनुभव नसणं सगळ्यांना दिसलं.

म्हणजे 'अनुभव नाही' हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही. कोणाचं चालवून घ्यायचं आणि कोणाचं नाही, हे आपण आधीच ठरवलेलं असतं. अनुभवाचं कारण मागाहून येतं.

आणि बायकांच्या बाबतीत? फ्रान्समध्ये कोरिन दियाक्र ही राष्ट्रीय महिला संघाची एके काळची कर्णधार. शंभराहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने खेळलेली, महिला संघाची कोच म्हणून काम केलेली. २०१४ साली ती क्लेरमाँ ह्या पुरुषांच्या व्यावसायिक संघाची कोच झाली तेव्हा जगभर बातमी. हिला जमेल का, पुरुषांच्या संघाचा हिला अनुभव नाही. तिनं तीन वर्षं ते काम केलं, आणि मग राष्ट्रीय महिला संघ सांभाळायला गेली. मला प्रश्न पडतो, पुरुषांचा संघ चालवण्याचा अनुभव कुठल्या बाईकडे असणार होता? दार बंद ठेवायचं आणि आत येऊन गेल्याचा दाखला मागायचा!

मैत्रिणींनो, आता आपल्या घरात या. लग्न होऊन आले तेव्हा मी वीस वर्षांची. तिसऱ्या दिवशी बावीस माणसांचा स्वयंपाक माझ्यावर पडला. सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची ताटं झाली पाहिजेत. कोणी विचारलं नाही, "पोरी, तुला अनुभव आहे का?" जळली भाकरी की बोलणी खायची आणि दुसरी थापायची. पुढं बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, त्यांची सल्लेखना, सगळं अनुभव नसतानाच हातात आलं आणि निभावलं. आणि सदतीस वर्षांची असताना एकदा म्हटलं, दुकानाची वही मी बघते, तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, "वहिनी, तुम्हाला त्यातला अनुभव नाही."

काम द्यायचं असेल तेव्हा अनुभव कोणी विचारत नाही. अधिकार द्यायचा म्हटलं की तो लगेच आठवतो.

हे मला कळलं होतं. तरी मी काय केलं ते आता लिहिते, कारण ते न लिहिता हा लेख लिहिणं म्हणजे मायाचार होईल.

आमच्या बस्तीची पाठशाळा रविवारची. शिकवणारे वयस्कर गुरुजी थकले, गावी गेले. समितीवर आम्ही पाच जण, त्यात बाई मी एकटी. एक चोवीस वर्षांची मुलगी म्हणाली, मी पाठशाळा चालवते. तिनं लहानपणापासून तिथंच पाठ केलेलं, दोन वर्षं गुरुजींच्या गैरहजेरीत लहान मुलांना बसवून शिकवलेलं. पुड्या बांधून झाल्या होत्या म्हणा ना. बैठकीत चौघांनी माझ्याकडं बघितलं. बाईच्या प्रश्नावर बाई बोलली की बरं दिसतं. मी म्हटलं, "मुलगी चांगली आहे, खरं अनुभव नाही. एखादं वर्ष थांबू या."

वर्ष थांबलो. पाठशाळा बंदच होती. वर्षानं ती एका देणगीदाराच्या भाच्याकडे दिली. त्यालाही अनुभव नव्हता. त्या बैठकीत 'अनुभव' हा शब्द कोणी उच्चारला नाही, मीही नाही.

मी तेव्हा असं का बोलले, ह्याचा मी खूप शोध घेतला. मत्सर होता का? थोडा असावा. मला कोणी अशी वाट दिली नाही, हिला का मिळावी? जी सासू स्वतः सोसते आणि सुनेलाही सोसायला लावते, तिच्यात आणि माझ्यात फरक नव्हता. आणि मान कषाय होताच. चौघा पुरुषांत 'समजूतदार बाई' म्हणून जी जागा मिळाली होती ती मला जपायची होती. 'अनुभव नाही' हे वाक्य त्या सगळ्यावर छान पांघरूण घालत होतं. ते खोटं नव्हतं, हीच त्याची सोय.

ती मुलगी लग्न होऊन इचलकरंजीला गेली. त्या जुलैतच, अंतिम सामन्याच्या चार दिवस आधी, तिचा फोन आला होता, दुसऱ्याच कशासाठी तरी. बोलता बोलता मी तो विषय काढला. म्हटलं, "तेव्हा मी तुला नको म्हटलं, चुकलंच माझं."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, नको म्हटलात त्याचं एवढं वाटलं नाही. मी कसं शिकवणार होते ते कोणी विचारलंच नाही. मी वहीत सगळं लिहून आणलं होतं. वही पिशवीतच राहिली."

तिनं मला क्षमा केली की नाही ते मी विचारलं नाही. दरवर्षी पर्युषणानंतर आपण सगळ्यांना क्षमा मागतो, छापील कार्डावर, व्हॉट्सअ‍ॅपवर. त्या यादीत तिचंही नाव असायचं. त्या यादीनं हे काम झालं नव्हतं, एवढं मात्र त्या दिवशी कळलं.

नवख्याला नेमावंच असं मी आजही म्हणणार नाही. पाठशाळेत मुलं असतात, दुकानात गिऱ्हाईक असतं, त्यांचं नुकसान करण्याचा हक्क आपल्या मोठेपणाला नाही. पण 'नाही' म्हणण्याआधी ती वही उघडून बघायला हवी होती. काय शिकून आलीस, कोणाच्या हाताखाली? सोबत कोण हवं? चुकलीस तर सावरायला कोण आहे, आणि आम्ही तुला किती वेळ देणार? आणि एक प्रश्न स्वतःला: हीच पाटी कोरी असताना दुसऱ्या कोणाला मी होय म्हटलं असतं का? एवढं विचारल्यावर 'नाही' निघालं तरी ते प्रामाणिक 'नाही'.

पुतण्याला मी त्या पहाटे हे सगळं सांगितलं नाही. तो चषकाकडं बघत होता. एवढंच विचारलं, "तीन वर्षांपूर्वी तू त्याला शिव्या दिल्यास, तेव्हा तो कोणाच्या हाताखाली शिकला होता ते माहीत होतं का तुला?"

"नाही काकू," तो म्हणाला. "नाव माहीत नव्हतं, म्हणून वाटलं काही येत नसेल."

आमच्या पाठशाळेची जागा पुन्हा रिकामी आहे. ह्या रविवारी बैठक आहे, दोन मुलींचे अर्ज आहेत. दोघींनाही मी निरोप धाडला आहे, वही घेऊन या म्हणून.